आवाजामागून

आमच्या बस स्टँडवरच्या घोषणाबाईला चेहऱ्याने ओळखणारी माणसं फार थोडी. आवाजाने मात्र सगळं गाव ओळखतं. तिचा आवाज भोंग्यातून आला की बाकावर पेंगणारा प्रवासी ताडकन उठतो, पिशवी उचलतो आणि चालू लागतो. बस कुठली, जाणार कुठे, हे ऐकायची त्याला गरजच वाटत नाही. बाईने सांगितलं ना, मग निघायचं. चुकीच्या बसमध्ये चढलेले असे किती महाभाग मी खाली उतरवलेत! आणि तीच बाई भाजीची पिशवी घेऊन समोरून गेली, तर हेच लोक तिला "जरा बाजूला व्हा" म्हणतील.

ती आणि मी एकाच खोलीत बसतो. खोली म्हणायची आपली पद्धत, आहे ते एक खोकंच. पुढे माझी चौकशीची खिडकी, मागे तिचं टेबल, टेबलावर रुमाल गुंडाळलेला माईक. तिने बटण दाबलं की मला पंखा बंद करावा लागतो, कारण पंख्याची घरघर भोंग्यातून बाहेर जाते. म्हणजे तिने लोकांना गाड्या दाखवायच्या आणि मी घामाने भिजायचं. यावरून आमची रोज बाचाबाची व्हायची.

"अगं, किती लांबण लावतेस! 'लागली आहे' एवढं म्हण की."

"'फलाटावर लागली आहे' म्हटल्याशिवाय वाक्य बसतच नाही, ताई."

हे ती तिच्या खऱ्या आवाजात म्हणायची. खरा आवाज म्हणजे बारीक, किंचित चिरका, शेवटचा शब्द गिळणारा. माईकसमोर बसली की हीच बाई पाठ ताठ करायची, हनुवटी वर घ्यायची, आणि तिच्या तोंडून असा भरदार, शांत आवाज निघायचा की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडावा. हे कुठून शिकलीस, असं मी एकदा विचारलं होतं. "अक्का अशी बोलायची," ती म्हणाली. "लहानपणी मी घाबरले की."

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. आई गेली तेव्हा घोषणाबाई पाळण्यात होती आणि अक्का परकरात. अक्काने तिला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. स्वतः लग्न केलं नाही आणि शाळेचं तोंडही पाहिलं नाही. गाव संपून जंगल सुरू होतं तिथे एक वस्ती आहे. वीज आहे, नळ आहे, पण चूल लाकडाचीच. अक्का तिथे राहायची. रोज सकाळी इतर बायकांबरोबर जंगलात जायची, सुकी लाकडं आणि गवत आणायची. त्यातली एक मोळी आमच्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर द्यायची.

मोळी टाकून झाली की अक्का लगेच परतायची नाही. पहिल्या बाकावर पाय पोटाशी घेऊन बसायची. एखादा भोळा प्रवासी विचारायचा, "कुठे जायचंय, मावशी?"

"कुठे नाही बाबा. धाकटीला ऐकतेय."

मग उठून माझ्या खिडकीशी यायची आणि आतल्या बाजूला बघून शेरा मारायची. "आज घाईत होतीस का गं? घसा बसलाय का? पाणी पीत जा." ऑफिसातले साहेब लोक जे कधी बोलले नाहीत, ते सगळं ही बाई गवताच्या काड्या केसांत घेऊन बोलायची. ती आली की मला बरं वाटायचं. माझ्या घरी कौतुकाचा दुष्काळ आहे, निदान शेजारच्या टेबलावर तरी पाऊस पडू दे, असं वाटायचं.

मग जंगलात वाघीण आली. आधी ओढ्याकाठी ठसे दिसले, मग वस्तीतलं एक वासरू गेलं. तिच्याबरोबर पिल्लं असल्याचं कळलं, आणि वनखात्याचे नवे साहेब आमच्या खिडकीत उभे राहिले. तरुण, उत्साही, दर दोन वाक्यांत एकदा 'जनजागृती' म्हणणारे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला हे सांगायला सोपं गेलं असतं. मागे कुठेतरी लोकांनी विष घालून वाघ मारला होता, तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. इथे तसं होऊ नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"लोकांचा तुमच्या आवाजावर विश्वास आहे, बाई. आमच्या गाडीवर भोंगा बसवलाय. तुम्ही फक्त संदेश म्हणून द्या."

संदेश आमच्याच खोलीत रेकॉर्ड झाला. पंखा बंद, माझी खिडकीही बंद. बाहेर प्रवासी काचेवर नाणी वाजवत होते आणि आत घोषणाबाई पाठ ताठ करून म्हणत होती: "वाघ आपला शेजारी आहे. वाघ आहे म्हणून जंगल आहे, जंगल आहे म्हणून पाणी आहे. नागरिकहो, घाबरू नका. एकट्याने जंगलात जाऊ नका. अंधारात जाऊ नका. जंगलात वाकून काम करू नका. वाघ दिसल्यास वनखात्याला कळवा. घाबरू नका."

'घाबरू नका' दोनदा होतं. मी म्हटलं, एकदा पुरे. साहेब म्हणाले, नाही, तेच महत्त्वाचं आहे, घाबरलेला माणूस विष घालतो. खोटं नव्हतं त्यांचं. आणि ती ते असं काही म्हणाली, की मी, पालीला बघून खुर्चीवर चढणारी बाई, मलासुद्धा वाटलं, खरंच की, घाबरायचं काय त्यात.

दुसऱ्या दिवसापासून गाडी रोज सकाळी जंगलाच्या रस्त्याने फिरू लागली. अक्का तर हवेतच होती. टपरीवाल्याला, झाडूवाल्याला, मला, ज्याला त्याला सांगत सुटली की आता धाकटी आमच्या दारात येऊन बोलते.

पुढे गाडीचा ड्रायव्हर टपरीवर चहा पिताना जे बोलला, ते मी ऐकलं. "प्रतिसाद बघायला पाहिजे तुम्ही," तो सांगत होता. "मी पोचायच्या आधी बायका रस्त्यावर येऊन उभ्या असतात. गाडी दिसली की हसतात, हात करतात. साहेबांनी फोटो काढले, वर पाठवले. वरून शाबासकी आली."

"कोयते घेऊन उभ्या असतात का?" मी विचारलं.

"हो. आणि दोर."

"संदेश ऐकायला कोयते कशाला लागतात रे?"

तो हसला. टपरीवालाही हसला. मीही हसले असेन, माझ्या बोलण्याला कुणी हसलं की मी खूश होते. पण कोयत्याचं ते काही डोक्यातून जाईना, म्हणून मी घोषणाबाईला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. अक्का मोळी टाकून खिडकीशी आली, तशी तिने तिला सरळ विचारलं.

"अक्का, गाडी आली की तुम्ही कुठे जाता?"

"कुठे म्हणजे? आत. तुझ्या मागून."

"माझ्या मागून?"

"अगं, एवढा मोठा आवाज! ती वाघीण काय कानांत बोळे घालून बसलीय? तू गेलीस की रस्ता मोकळा होतो. आधी आम्ही जीव मुठीत धरून जायचो. पानाचा आवाज आला तरी सगळ्या थांबायचो. आता गप्पा मारत जातो. सगळी वस्ती तुला दुवा देते."

घोषणाबाई उठून उभी राहिली. "अक्का, मी त्यात काय सांगते ते ऐकलंस का? जाऊ नका सांगते मी!"

"एकटं जाऊ नका, अंधारात जाऊ नका, एवढंच सांगतेस," अक्का म्हणाली. "पाठ आहे मला. अंधारात कोण जातंय? उजेडात जातो. आणि एकटी कशी? तू असतेस ना बरोबर."

धाकटी रागावली, हात जोडले, रडकुंडीला आली. अक्काने खिडकीतून हात घालून तिच्या गालाला लावला आणि म्हणाली, "चूल कशावर पेटवू, तेवढं सांग, मग नाही जात."

त्याच दिवशी ती साहेबांकडे गेली, मीही बरोबर गेले. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांनाही पटलं, तोंडावर दिसत होतं. पण खात्याचा जनजागृती सप्ताह चालू होता, मोठे साहेब येणार होते, आणि बायका रस्त्यावर उभ्या असलेले फोटो आधीच वर गेले होते. "एवढा सप्ताह होऊ द्या, बाई. मग आपण संदेश बदलू. तोवर ड्रायव्हरला सांगतो, त्यांना समजावेल." ड्रायव्हर काय समजावणार, त्याला तर बायकांनी हात केलेला आवडत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मी तोंड उघडलं नाही. सरकारी खुर्चीसमोर आम्ही दोघी गप्प बसणाऱ्याच.

सप्ताह संपायच्या आत ते झालं.

ती माईकवर होती. पंखा बंद होता. खिडकीत ड्रायव्हर आला, तोंड उघडं. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला कळलं. माझ्या मागे ती सांगत होती की गाडी फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात. ड्रायव्हर म्हणाला, "अक्का." मागचा आवाज 'जागा' या शब्दावर थांबला. बाहेर लोक वर भोंग्याकडे बघत राहिले. तिने बटण बंद केलं नव्हतं, त्यामुळे पुढचं जे तिच्या तोंडून निघालं ते सगळ्या स्टँडने ऐकलं. ते तिच्या खऱ्या आवाजात होतं.

मी तिच्याबरोबर गेले. ज्या बायका बरोबर होत्या, त्या रस्त्याच्या कडेला एकमेकींना धरून बसल्या होत्या. त्यांच्याकडून कळलं ते एवढंच: अक्का त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर, गवत कापायला वाकलेली होती. गाडी नुकतीच पुढे गेली होती. वाघिणीची पिल्लं त्याच गवतात असावीत. भोंगा जवळून गेला तशी वाघीण दबून बसली असणार, पळून जायला तिला जागा तरी कुठे होती? अक्का वाकली ती थेट तिच्या पुढ्यात. कुणी काही पाहिलं नाही. अक्काचा आवाजसुद्धा आला नाही म्हणे. कोयता आणि एक चप्पल तिथेच राहिली होती, आणि पुढचं मी सांगणार नाही.

वाईटात वाईट म्हणजे गाडी. बायकांचा आरडाओरडा ऐकून ड्रायव्हरने ती वळवून आणली, आणि घाबरून तशीच सोडून दुसऱ्याच्या मोटारसायकलवर स्टँडला पळून आला होता. भोंगा चालूच. आम्ही पोचलो, वनखात्याची माणसं अक्काला चादरीत घेत होती, आणि वरून घोषणाबाई सगळ्यांना सांगत होती, घाबरू नका. घोषणाबाई माझ्या शेजारी उभी होती. तिने कानांवर हात ठेवले. बंद कर ते, बंद कर, असं मीच किंचाळले. कुणाला बटण सापडेना.

अक्काला पोचवून आल्यावर वस्तीतले पुरुष अक्काच्या दारात जमले. कुणीतरी पिकावर मारायच्या औषधाची बाटली आणली होती. वाघिणीने आणखी एक वासरू मारून टाकलं होतं, अर्धं खाऊन ठेवलं होतं. त्यात औषध घातलं की रात्रीत काम तमाम. शेजारचा सुतार म्हणाला, "तू फक्त हो म्हण. तुझी बहीण गेलीय. तू हो म्हटलंस तर साहेबाची काय बिशाद आहे आम्हांला अडवायची."

मी मनातून हो म्हटलं होतं. खोटं कशाला सांगू? अक्कासारखी बाई गेली आणि ते जनावर पिल्लं चाटत बसलंय, याने माझं डोकं फिरलं होतं.

घोषणाबाई म्हणाली, "वाघिणीने तिला मारलं, हे खरं. पण तिथवर तिला वाघिणीने नेलं नाही. माझ्या आवाजाने नेलं."

"असं बोलू नये गं," सुतारीणकाकू म्हणाल्या.

"बोलणार. उद्या ही वाघीण मेली तर दुसरी येईल. आणि तुम्ही काकू, तुमची सून, तुमच्या लेकी, पुन्हा गाडीच्या मागून आत जाल. बाटली ओतून ते थांबणार आहे का?" तिने बाटली उचलली, पदरात घेतली आणि आत गेली. कुणी तिच्या हातून ती काढून घेतली नाही. पिंजरे लागले, वाघीण काही त्यात आली नाही. ती पिल्लांना घेऊन ओढ्यापलीकडे सरकली, एवढंच कळलं.

घोषणाबाई कामावर आली, पण माईकला हात लावेना. तिचं काम मी करू लागले. माझ्या आवाजावर एकही प्रवासी उठत नसे, दोन गाड्या रिकाम्या गेल्या. ती मागे भिंतीकडे तोंड करून बसायची. मी पंखा बंद करायची विसरायचे आणि ती उठून बंद करायची, तेवढंच आमचं बोलणं.

साहेब आले. खूप खचले होते. नवा संदेश लिहून आणला होता, 'गाडीच्या मागून जाऊ नका' असं त्यात ठळक होतं.

तिने वाचला आणि परत दिला. "साहेब, मी काय म्हणते ते कुणी ऐकतच नाही. नुसता आवाज ऐकतात. मी यात शिव्या दिल्या तरी त्या माझ्या मागून आत जातील. गाडी बंद करा."

"आत्ता बंद केली तर खात्याने लोकांना वाऱ्यावर सोडलं म्हणतील," साहेब म्हणाले. "आत्ताच तर जागृतीची खरी गरज आहे."

आणि गाडी निघाली. नव्या संदेशाला तिने नकार दिला होता, म्हणून जुनाच लावला. मला हे टपरीवर कळलं तेव्हा मी चहाचा पेला खाली आपटला. बायका पुन्हा रस्त्यावर येऊन उभ्या राहायला लागल्या होत्या. आपलं माणूस जिथे गेलं, तिथेच पुन्हा कोयते घेऊन! बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, काय वेडी माणसं. पण चुलीला कुणाचं सुतक नसतं.

मी ते तिला सांगितलं. ती उठली, चपला घातल्या आणि चालू लागली. खिडकीवर 'बंद' ची पाटी लावून मीही मागे गेले. स्टँडच्या साहेबांनी नंतर मला नोटीस पाठवायची तर पाठवू दे म्हटलं.

जंगलाच्या तोंडाशी तिने हात आडवा करून गाडी थांबवली. ड्रायव्हरला म्हणाली, "बंद कर." त्याने केलं. कडेला बायका उभ्या होत्या. अचानक एवढं शांत झालं की झाडांतलं काहीबाही ऐकू यायला लागलं. कुठेतरी काटकी मोडली आणि सगळ्या जणी एकदम तिकडे वळल्या.

"लाव ना गं भोंगा," सुतारीणकाकू कुजबुजल्या. "असं कसं जाणार?"

"भीती वाटते का?"

"वाटणार नाही?"

"मग बरं आहे," घोषणाबाई तिच्या बारीक, चिरक्या आवाजात म्हणाली. "ती भीती तुमची होती. अक्काचीही होती. मी ती काढून घेतली. पंधरा जणी पानाच्या आवाजाला थांबायच्या, म्हणून इतकी वर्षं वाचल्या. ती परत द्यायला आलेय मी."

एक तरुण सून रडायला लागली. काकू म्हणाल्या, "पण लाकडं तर आणायलाच हवीत, बाई."

"ठाऊक आहे मला. आज परत जा. पुढे जाल तेव्हा अशाच जा, गप्प, एकमेकींना धरून, एकीने उभं राहून बघायचं आणि बाकीच्यांनी वाकायचं. आवाज असेल तेव्हा आत पाऊल टाकायचं नाही. माझा आवाज आला की बाहेर यायचं. एवढं ऐका. एवढंच ऐका माझं."

त्या दिवशी सगळ्या परत गेल्या. साहेबांना हे कळल्यावर ते तिच्याकडे आले आणि पहिल्यांदाच काही लिहून न आणता बसले. गाडी त्यांनी तिच्या हवाली केली. वरच्यांना काय सांगितलं ते त्यांचं त्यांना माहीत.

आता वस्तीतल्या बायका आठवड्यातून एकदाच जंगलात जातात, तिच्या सुट्टीच्या दिवशी. गाडी रस्त्यावर उभी असते, गप्प. बायका आत जातात तेव्हा त्यांचे चेहरे बघवत नाहीत. सूर्य चांगला वर आला की घोषणाबाई पाठ ताठ करते, हनुवटी वर घेते आणि माईक हातात धरते.

"सुतारीणकाकू, बाहेर या." आतून कुठूनतरी 'ओ' येतो. "काकूंच्या सूनबाई, बाहेर या." ओ. "शिंपीणवहिनी." ओ. "पलीकडच्या दोघी जावा." एकदम दोन ओ, एक हसणं. एकेक जण मोळी घेऊन रस्त्यावर येते आणि मागे वळून बघत उभी राहते. वाघ शेजारी आहे की कोण, हे आता ती सांगत नाही. घाबरू नका हा शब्द तर तिने टाकूनच दिलाय.

शेवटची बाई बाहेर आली की काम संपतं. सगळ्यांना घरी जायची घाई असते, मोळ्या जड असतात. तरी कुणी निघत नाही. माईक अजून चालू असतो, भोंग्यातून नुसता तिचा श्वास ऐकू येतो, आणि सगळ्या जणी मोळ्या डोक्यावर घेऊन उभ्या असतात, कारण एक हाक राहिलेली असते. ती हाक तिने अजून एकदाही मारलेली नाही. मग बटण बंद होतं, ड्रायव्हर गाडी सुरू करतो आणि आम्ही परत येतो.